समोरच्याची घडी

सौंदडच्या मंडळात घड्याळ दाबायची जी पद्धत होती ती दुसरीकडे कुठे नसेल, आणि असली तर तिथल्या लोकांना कुणीतरी शहाणं करायला हवं, असं गोंदियातले बुद्धिबळवाले म्हणायचे. बुद्धिबळाचं घड्याळ दोन तोंडांचं असतं. आपण चाल केली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं; आपला वेळ थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. सगळ्या दुनियेची ही रीत. सौंदडला मात्र चाल करणारा बटणाला हातच लावत नसे. चाल करून तो हात मांडीवर घेई. समोरचा चाल पाही, मान हलवी आणि स्वतः हात लांब करून त्याचं बटण दाबी. म्हणजे आपला वेळ आपणच चालू करून घ्यायचा.

ही पद्धत कुंजीलाल काकाजींची. काकाजी रेल्वेत गेटमन होते. एकतीस वर्षं त्यांनी फाटक उघडलं आणि लावलं. स्टेशनातून फोन यायचा की गाडी सुटली. काकाजी तेच शब्द परत म्हणून दाखवायचे, आपला खुणेचा आकडा सांगायचे, तिकडचा घ्यायचे, वहीत लिहायचे आणि मगच फाटकाच्या चाकाला हात घालायचे. तिकडून सांगितलं आणि इकडून फोन ठेवला, असं एकदाही झालं नाही. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते गेटच्या खोलीबाहेर पट मांडून बसत आणि तिथंच गावातल्या पोरांना खेळ शिकवत. पुढे मंडळासाठी घड्याळ आलं, तेव्हा फाटकाचाच कायदा त्यांनी त्याला लावला. म्हणाले, "आपन सांगतलं मनजे झालं नाही. समोरच्यानं आयकलं मनलं पाह्यजे. चाल पाह्यली का त्यानंच दाबाची."

धनेंद्र त्या पटावर अकराव्या वर्षापासून बसला होता. घोडा अडीच घरं जातो हे त्याला काकाजींनी शिकवलं, आणि हरल्यावर सोंगट्या उधळायच्या नसतात हेही त्यांनीच. त्याच्या बापाला खेळाचं सोयरसुतक नव्हतं. धानाच्या बांधीत रोवणी सुरू असताना पोरगं फाटकावर बसून लाकडाचे हत्ती हलवतं, म्हणून बापानं एकदा पट उचलून नालीत टाकला होता. काकाजींनी तो काढून धुतला, उन्हात वाळवला आणि दुसऱ्या दिवशी मांडून ठेवला. याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत.

आता धनेंद्र पस्तिशीचा होता. गोंदियाच्या एका खाजगी कॉलेजात लॅब असिस्टंट होता आणि सहा वर्षांपासून शहरातल्या क्लबाकडून खेळत होता. क्लब म्हणजे एका कोचिंगवाल्याच्या वरच्या मजल्यावरची खोली. पण तिथं चार डिजिटल घड्याळं होती आणि भिंतीवर ढाली होत्या. कॅप्टन अश्विन वकील होता, पट्टीचा खेळणारा, आणि बोलायला एकदम रोखठोक. जानेवारीत नागपूरला आंतरजिल्हा स्पर्धा होती. चार जणांची टीम जायची. तीन नावं पक्की होती आणि चौथ्या जागेसाठी धनेंद्र आणि छोटेलाल असे दोघं होते. जिल्ह्याच्या क्लब सामन्यांचा शेवटचा सामना सौंदडशी लागला, तेव्हा अश्विननं धनेंद्रला दुसऱ्या पटावर बसवलं आणि सांगून टाकलं, "देख भाई, जीत गया तो नागपूर तेरा. हारला किंवा बरोबरी केली, तो छोटेलाल जाएगा. बाद में मुँह मत फुलाना."

दुसऱ्या पटावर सौंदडकडून काकाजी बसणार होते.

धनेंद्रला नागपूरला जायचंच होतं. ही हौस नव्हती, भूक होती. तेराव्या वर्षी शाळेनं दुसऱ्याच पोराला पाठवलं होतं, विसाव्या वर्षी त्याला ताप आला होता, आणि त्यानंतर पंधरा वर्षं तो प्रत्येक यादीत पाचवा होता. पाचवा माणूस म्हणजे पाण्याच्या बाटल्या धरणारा. यंदा त्यानं बायकोला, रविताला, आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तिनं त्याच्यासाठी कोसल्या, पिवळसर तपकिरी रंगाचा स्वेटर घेतला होता.

सामना डिसेंबरातल्या एका रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये होता. सकाळच्या गाडीनं सौंदडची मंडळी आली. काकाजी, कृषी केंद्रवाला ओमेश्वर, अंगणवाडीच्या नीलाताई आणि एक कॉलेजातली पोरगी, पिंकी. काकाजींनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि कानाला मफलर गुंडाळला होता. धनेंद्र पाया पडला. काकाजी म्हणाले, "पाया सोड, आज तू दुसरीकडचा. चांगला खेल." त्यात टोमणा नव्हता. काकाजींना टोमणे मारता येतच नसत.

प्रत्येकाला एक तास होता. तास संपला की पटावर काहीही असो, डाव गेला. डाव सुरू झाला आणि पहिल्या पंधरा चालींतच धनेंद्रच्या लक्षात आलं, की काकाजींचं डोकं जाग्यावर आहे, फक्त जड पायानं चालावं तसं हळू चालतंय. चूक होत नव्हती, पण प्रत्येक चालीला वेळ लागत होता. बटण मात्र ते आठवणीनं दाबत होते, बाहेरच्या सामन्यात दाबायचे तसं.

विसाव्या चालीला ते विसरले. त्यांनी उंट मागे घेतला, हात मांडीवर ठेवला आणि धनेंद्रकडे पाहिलं. आणि धनेंद्रनं काही विचार न करता हात लांब केला आणि काकाजींचं बटण दाबलं. दाबल्यावर त्याला कळलं आपण काय केलं. काकाजी मिशीत हसले. त्यालाही हसू आलं. क्षणभर दोघंही गेटच्या खोलीबाहेर बसलेले होते.

पंच हिरालाल सरांनी हे पाहिलं. ते जवळ आले आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घड्याळ ज्याचं त्यानं दाबायचं. दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही." काकाजींनी कान पकडले. थोड्या वेळानं धनेंद्र पाणी प्यायला उठला, तर अश्विन पाठोपाठ आला. "तू उसकी घड़ी दबाएगा? घरचा ओटा आहे का हा? टाइम में मर रहा है वो. उसको मरने दे."

"सवय आहे," धनेंद्र म्हणाला.

"तो ती सवय घेऊन घरी बस. छोटेलाल तयारच आहे."

दुपार झाली. बाकीचे तीन पट आटोपले. अश्विन जिंकला, ओमेश्वर जिंकला आणि नीलाताईंचा डाव बरोबरीत सुटला. सगळं येऊन दुसऱ्या पटावर ठेपलं. लोक खुर्च्या सोडून भोवती उभे राहिले. उभ्या राहणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही हा खेळाचा नियम, आणि नियम पाळण्यात सौंदडवाले कधी मागे नव्हते.

पटावर धनेंद्रचं काही खरं नव्हतं. दोघांकडे एकेक हत्ती उरला होता, पण काकाजींचं एक प्यादं सातव्या घरात जाऊन बसलं होतं. आणखी एक पाऊल आणि त्याचा वजीर झाला असता. धनेंद्र बाजूनं शह देत होता, काकाजींचा राजा पायरी पायरीनं पुढे येत होता. वेळेचं मात्र उलटं होतं. धनेंद्रकडे अकरा मिनिटं होती, काकाजींकडे दोनच्या थोडी वर.

मग काकाजींनी हत्ती उचलला आणि मधे आडवा घातला. संपलं. शहांची वाट बंद झाली. ही युक्ती धनेंद्रला पाठ होती. बाराव्या वर्षी काकाजींनीच त्याच्याकडून ती चाळीस वेळा करून घेतली होती, शेवटी तो रडकुंडीला आला होता. आता त्यानं काहीही केलं तरी वजीर होणार होता. काकाजींनाही ते कळलं. त्यांनी श्वास सोडला, पाठ टेकवली, आणि हात मांडीवर ठेवला.

बटण दाबलं नाही.

धनेंद्रनं घड्याळ पाहिलं. काकाजींच्या बाजूला एक मिनिट बावन्न सेकंद होते. मग एक्कावन्न. मग पन्नास. डिजिटल घड्याळ आवाज करत नाही, हीच त्याची खोड. काकाजी पट पाहत होते. त्यांच्या मनानं धनेंद्रनं चाल पाहिली होती, बटण दाबलं होतं आणि तो विचार करत होता.

हात उचलायचा, दाबायचं, आणि हरायचं. किंवा नुसतं बोटानं घड्याळाकडे दाखवायचं. एवढंच काम होतं. धनेंद्रनं दोन्ही हात कपाळाला लावले आणि पटावर वाकला. विचार करायला तिथं काही नव्हतं. दोन चालींचा डाव होता. तो विचार करणाऱ्याचं सोंग करत होता, आणि सोंग चांगलं वठावं म्हणून त्यानं ओठसुद्धा हलवले. पंचांनी सांगितलंय, तो मनात म्हणाला. दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही. मी कुठे काय करतोय, मी तर बसलोय. त्यांचं घड्याळ त्यांनी बघावं. माणूस एकदा आपल्या बाजूची कारणं मोजायला लागला की त्याला कारणं कमी पडत नाहीत, आणि धनेंद्र काही वेगळ्या मातीचा नव्हता.

त्यानं बोटांच्या फटीतून पाहिलं. एक मिनिट दहा. पलीकडे नीलाताई उभ्या होत्या. त्यांची नजर घड्याळावर होती. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ओठ घट्ट मिटले होते. अश्विनही घड्याळच पाहत होता. हॉलमध्ये वीसेक माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांना कळलं होतं. बोलायची मुभा फक्त दोघांना होती. त्यातला एक पट पाहत होता, आणि दुसरा कपाळाला हात लावून बसला होता.

पाऊण मिनिट उरलं तेव्हा काकाजींनी मान वर केली. त्यांनी धनेंद्रकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत पटाकडे पाहू लागले. तीस सेकंद. वीस. दहा. मग आकडे शून्य झाले.

तरी काम संपलं नव्हतं. वेळ संपला की दुसऱ्याला पंचांना तसं सांगून डाव मागावा लागतो. मागितला नाही तर डाव चालूच राहतो. देवानं, किंवा नियम करणाऱ्यानं, त्याला आणखी एक संधी दिली होती. धनेंद्रनं हात वर केला. "सर, वेळ," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

हिरालाल सर वाकले, घड्याळ पाहिलं आणि काळ्याचा, म्हणजे धनेंद्रचा, डाव असं लिहिलं. काकाजींनी हात पुढे केला. त्यांचा तळवा कोरडा आणि गरम होता. "बरा लढला," ते म्हणाले. त्यांनी कागदावर सही केली, दोन्ही राजे पटाच्या मधोमध उभे करून ठेवले, आणि मफलर शोधू लागले.

अश्विननं धनेंद्रची पाठ थोपटली. आलुबोंडे आले. धनेंद्रनं एक हातात घेतला आणि तो थंड होईपर्यंत धरून ठेवला. दाराशी नीलाताई भेटल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "धनेंद्रभाऊ, तुमी पाहून राहिले होते."

"सरांनी सांगितलं होतं ताई. हात लावायचा नाही म्हणून. नियम आहे."

"हाव," नीलाताई म्हणाल्या. "नियम हाये." आणि त्या काकाजींची पिशवी घेऊन खाली उतरल्या.

घरी रविताला आनंद झाला. तिनं लगेच माहेरी फोन लावला. जेवताना विचारलं, "जिंकले कसे?"

"टायमावर."

"मनजे?"

"त्यांचा वेळ संपला."

"उशीर केला त्याहीनं?"

"हाव," धनेंद्र म्हणाला, आणि भात तसाच सोडून उठला.

त्यानंतरचे दिवस त्याला वाईट गेले. कॉलेजात टेस्ट ट्यूब धुताना, गाडीला किक मारताना, रात्री कूस बदलताना तो मांडीवर ठेवलेला हात त्याला दिसायचा. जुना हात, फाटकाच्या चाकानं तळव्याला घट्टे पडलेला. आपण केलं त्याची त्याला लाज वाटत होती आणि लाजेचा रागही येत होता. कुणी काही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं, पण कुणी काही म्हणत नव्हतं. नागपूरच्या यादीत त्याचं नाव चौथं लागलं. त्यानं यादीचा फोटो काढला, पण कुणाला पाठवला नाही.

दुसऱ्या रविवारी त्यानं गाडी काढली आणि सौंदड गाठलं. वाटेनं धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि त्यांत पेरलेली लाखोरी हिरवी झाली होती. काकाजींच्या घरासमोर त्यांच्या पत्नी शांतीकाकी सूप घेऊन लाखोरीची भाजी निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "आला का? नागपूरले जाऊन राहिला मने."

"हाव काकी."

"जा मंग. थंडी रायते तिकडं. बस, चा ठेवतो."

मंडळ आता ओट्यावर भरे; तिथं पट मांडलेला होता. नीलाताई आणि पिंकी खेळत होत्या आणि काकाजी भिंतीला टेकून पाहत होते. धनेंद्र पायरीवर बसला. पिंकीनं घोडा पुढे टाकला आणि चटकन आपलं बटण दाबलं. नीलाताईंनी प्यादं सरकवलं आणि आपलं बटण दाबलं. पुन्हा पिंकीनं चाल केली, पुन्हा तिनंच दाबलं. धनेंद्र पाहतच राहिला. चोवीस वर्षांत काकाजींच्या पटावर त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

"काकाजी, पद्धत बदलवली?"

"हाव," काकाजी म्हणाले. "पोरायले बाहेर जाऊन खेलाचं रायते. चुकीची सवय कायले लावाची?"

ते सरळ बोलले, तक्रार म्हणून नाही. धनेंद्रला कुणी कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं. नीलाताईंनी डाव आवरला, पिंकीला घेऊन त्या निघाल्या, आणि जाताना त्याच्याकडे पाहिलंही नाही. ओट्यावर दोघंच उरले.

"काकाजी, त्या दिवशी तुमी घडी दाबाची भुलले होते," धनेंद्र म्हणाला. शहरात राहून गेलेली बोली त्याच्या तोंडात आपोआप परतली होती. "मले दिसून राहिलं होतं. पह्यल्यापासून दिसून राहिलं होतं. मी विचार नोहतो करत. मी बसून होतो."

"मालूम हाये."

"नीलाताईनं सांगतलं?"

"नाही." काकाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "पाऊन मिनिट राहिलं होतं तवा मले दिसलं, का माही घडी चालून राहिली."

धनेंद्रला काही समजेना. "मंग दाबली काऊन नाही? पाऊन मिनिटात तुमी दहा चाली खेलले असते. डाव तुमचाच होता."

काकाजींनी जरा वेळ रस्त्याकडे पाहिलं. रुळांच्या बाजूला कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं.

"सकारी दाबली होती ना तू," ते म्हणाले. "मनलं, दाबंल."

शांतीकाकींच्या सुपाचा आवाज येत होता. धनेंद्रला रडू येत होतं आणि पस्तिशीच्या माणसाला येतं तसंच येत होतं, नाकातून आणि घशातून, डोळ्यांपर्यंत न पोचता.

"मी नागपूरले नाही जात," तो म्हणाला. "छोटेलालले जाऊ द्या. अश्विनले सांगतो मी."

"तुह्या क्लबाचं तू पाह्य. मले त्यात ओढू नको." काकाजी पटाकडे सरकले आणि सोंगट्या लावू लागले. पांढऱ्या त्यांनी धनेंद्रच्या बाजूला दिल्या. "आला हायेस तं एक डाव खेल. अर्धा घंटा लाव."

धनेंद्रनं घड्याळ लावलं. त्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं टाकलं आणि बटण दाबलं. काकाजींनी तसंच प्यादं टाकलं, हात लांब केला आणि आपलं बटण दाबलं. ते करायला त्यांना अर्धा सेकंद जास्त लागला. बोट आधी मांडीकडे गेलं होतं, ते त्यांनी परत आणलं.

धनेंद्रनं घोडा बाहेर काढला. मग त्यानं हात मांडीवर ठेवला आणि बटणाला न लावता बसून राहिला. त्याच्या बाजूचे सेकंद जात होते. त्यांना जाऊ देत, त्याला वाटलं, अर्धा तास जाऊ दे. त्यानं काकाजींच्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं तो हात आपसूक आला होता; आताही आला तर पुढचं सगळं सोसता आलं असतं.

काकाजींनी घोडा पाहिला. घड्याळ पाहिलं. त्यांचा हात गुडघ्यावरच राहिला.

"धनेंद्र," ते हळूच म्हणाले, "तुही घडी चालून राहिली. दाब."

धनेंद्रनं हात पुढे केला आणि आपलं बटण दाबलं.